लिंबू-मिरचीचं वय काढताना: करणी, दृष्ट आणि शाप यांचं मूळ शोधण्याची रीत

करणीचं मूळ कुठलं, दृष्ट काढणं कधीपासूनचं, असं विचारलं की दोन उत्तरं ठरलेली असतात. एक, ‘अथर्ववेदात आहे’. दुसरं, ‘आदिम काळापासून चालत आलंय’. दोन्ही उत्तरं ऐकणाऱ्याचं समाधान करतात आणि शोध तिथेच थांबवतात. पुण्यात राहणाऱ्या माणसाला हा शोध नीट करायला लागणारं बहुतेक सगळं हाताशी आहे: बाजार, ग्रंथालयं, पेशवे दप्तर आणि तासा-दोन तासांच्या अंतरावरची गावं. फक्त सुरुवात पोथीपासून करायची नाही. ती वस्तूपासून करायची.

शनिवारी दुकानाच्या चौकटीला किंवा रिक्षाच्या पुढे बांधतात ती लिंबू-मिरची घ्या. नवी विकत घ्या, बांधलेली कुणाची सोडू नका. ती कागदावर ठेवून सुटी करा आणि प्रत्येक जिन्नस वेगळा लिहा: लिंबू १, हिरव्या मिरच्या बहुधा ७, खाली कोळसा किंवा बिब्बा, मधून काळा दोरा किंवा तार. बिब्बा हाताने फोडू नका. त्याच्या टरफलातलं तेल कातडीला लागलं की फोड येतात आणि ते लवकर बरे होत नाहीत. हातमोजे घाला, डोळ्याला हात लावू नका.

आता एकेका जिनसाचं वय काढा. मिरची अमेरिकेतली. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतलं, त्यानंतर ती आपल्याकडे रुळली. म्हणजे मिरची असलेला हा विधी आजच्या रूपात सव्वापाचशे वर्षांहून जुना असूच शकत नाही, कुणी कितीही ठामपणे सांगो. मोहरी आणि मीठ यांचं मात्र उलट आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, १९ व्या अध्यायात, जखमी माणसाच्या खोलीत मोहरी, कडुनिंबाची पानं, तूप आणि मीठ यांची धुरी दिवसातून दोनदा, दहा रात्री द्यायला सांगितली आहे, आणि ती राक्षसांपासून, म्हणजे न दिसणाऱ्या बाधेपासून रक्षणासाठी आहे. आजी मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकते तेव्हा त्या मुठीतली मोहरी दीड-दोन हजार वर्षांची आणि तिच्याबरोबरची लाल मिरची शिवकाळाच्या थोडी आधीची असते. एकाच मुठीत दोन थर.

यातून या कामाचा पहिला नियम निघतो: विधीला एक वय नसतं, थराला असतं. टिपण करताना ‘दृष्ट काढणे: प्राचीन’ असं कधीच लिहायचं नाही. मोहरी वेगळी, मिरची वेगळी, आकडा वेगळा, तोंडाने म्हणायचे शब्द वेगळे.

इथे एक मोह होतो. ‘मिरची’ हा शब्द मिऱ्यावरून आला, म्हणजे पूर्वी दृष्टीला मिरे वापरत असतील आणि पुढे त्यांची जागा मिरचीने घेतली असेल. कल्पना सुरेख आहे. पण मिरे ओवाळल्याचा एखादा जुना उल्लेख हातात येईपर्यंत ती वहीच्या उजव्या समासात, पेन्सिलने, ‘अंदाज’ म्हणून राहू द्या. या विषयातली निम्मी पुस्तकी विधानं अशाच समासातून मजकुरात शिरलेली आहेत.

माणसांकडून माहिती घेताना

मुलाखतीला जाताना ‘तुमचा करणीवर विश्वास आहे का?’ हा प्रश्न घरी ठेवून जा. त्यावर माणूस एकतर शहाणपणाचं उत्तर देतो किंवा गप्प होतो. कृती विचारा. मावशी, मीठ खड्याचं की बारीक? मोहऱ्या किती, चिमूट की मूठ? डाव्या हातात की उजव्या? किती वेळा ओवाळता, कुठल्या बाजूने? बोलता काय? टाकता कुठे, चुलीत, गॅसवर, की तिकाटण्यावर? वार कुठला चालत नाही? आणि शेवटी सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: हे तुम्हाला कुणी शिकवलं, माहेरी की सासरी? सासर-माहेरचं गाव लिहून ठेवलं नाही तर सगळी नोंद वाया जाते. सातारकडची रीत हडपसरच्या घरात मिळते आणि तुम्ही ती पुण्याची म्हणून लिहून मोकळे होता.

उताऱ्याची, म्हणजे बाधा उतरवून बाहेर ठेवलेल्या जिनसांची, नोंद वेगळ्या पानावर घ्या: भाताचा मुटका आहे का, त्यावर गुलाल की हळद-कुंकू, नारळ फोडलेला की अख्खा, लिंबू कापलेलं की टाचण्या टोचलेलं. रस्त्यावरच्या उताऱ्याचा फोटो दुरून घ्या, हलवू नका. तुमची भीती असो वा नसो, ज्याने ठेवला त्याच्या लेखी ते औषध आहे.

चुकतं कुठे? एक म्हणजे आपणच उत्तर सुचवतो. ‘सात मिरच्याच असतात ना?’ म्हटलं की समोरचा हो म्हणतो. दुसरं, अलीकडे बरीच माहिती मालिकांतून आणि मोबाइलवरच्या व्हिडिओंतून आलेली असते. ‘तंत्र’, ‘अघोरी’, ‘ब्लॅक मॅजिक’ हे शब्द आले की थांबून विचारा, ‘तुमच्या आजी याला काय म्हणायच्या?’ तेव्हा खरे शब्द बाहेर येतात: बाहेरचं, लागीर, झपाटणं, मूठ, चेटूक. या कलांचा जाणता कोण, तेही त्यांच्याच शब्दात लिहा. देवऋषी, भगत, पंचाक्षरी, मांत्रिक हे एकमेकांचे पर्याय नाहीत. अंगात येणारा आणि मंत्र म्हणणारा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गावकऱ्यांना तो फरक नेमका माहीत असतो.

छापील जुन्या नोंदींनाही हीच चाळणी लावा. मुंबई इलाख्यातल्या लोकसमजुतींची मोठी नोंद जॅक्सन यांनी काढलेल्या प्रश्नावलीतून जमली. १९०९ मध्ये नाशिकला ज्यांची हत्या झाली तेच हे जिल्हाधिकारी. उत्तरं दिली ती गावोगावच्या शाळामास्तरांनी, आणि पुढे ती संपादित केली एन्थोवेन यांनी. म्हणजे गावातल्या बाईचं बोलणं मास्तरांच्या कानातून आणि साहेबाच्या इंग्रजीतून गाळून आपल्यापर्यंत येतं. नोंद मोलाची आहे. फक्त ‘लोक म्हणतात’ याच्या जागी ‘मास्तरांनी कळवलं’ असं वाचायचं.

शब्द धरून मागे जाणं

शब्दाला तीन पायऱ्यांनी मागे न्यायचं. आधी दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, तिथे उदाहरणाची वाक्यं मिळतात. मग मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८३१ ची पहिली आवृत्ती आणि १८५७ ची दुसरी. इंग्रजी शिक्षण घरोघरी पोचण्याआधीचा अर्थ तिथे सापडतो. शब्द संस्कृतपर्यंत जात असेल तर डेक्कन कॉलेज. तिथल्या संस्कृत महाकोशाचं काम १९४८ पासून चालू आहे आणि सुमारे दीड हजार ग्रंथांतून काढलेल्या चिठ्ठ्यांवर ते उभं आहे.

‘करणी’ घ्या. करणे या धातूपासून ‘केलेली गोष्ट’. अथर्ववेदात हेच काम करणारा शब्द ‘कृत्या’, तोही कृ धातूपासून, अर्थ तोच: कुणीतरी कुणावर केलेलं. जोडी इतकी चपखल बसते की करणी हा कृत्येचाच अपभ्रंश, असं म्हणावंसं वाटतं. तसं ते नाही. कृत्या झिजून करणी होत नाही. अर्थ टिकला, शब्द नव्याने घडला. हिंदीतल्या ‘किया-कराया’मध्येही तोच अर्थ तिसऱ्यांदा घडलेला दिसतो. वंशावळ शब्दाची की कल्पनेची, हे टिपणात स्पष्ट लिहा.

‘भानामती’चा प्रवास याहून निराळा. हा शब्द भानुमतीच्या खेळाशी, हातचलाखीशी जोडला जातो. आणि मराठवाड्यात त्याचा अर्थ घरावर दगड पडणं, कपडे पेटणं, बायकांनी भुंकणं असा झाला. गारुड्याच्या टोपलीतून निघून शब्द माणसाच्या घरात शिरला. असं घडतं तेव्हा ‘मूळ’ शोधण्यापेक्षा वळण कधी आलं ते शोधणं जास्त फळतं.

पोथी उघडताना

भांडारकर संस्थेत जा, पण श्लोकाचा क्रमांक घेऊन जा. ‘अथर्ववेदातली जादू’ असं विचारून काही हाती लागत नाही. आणि नोंदीत शाखा, म्हणजे पाठाची परंपरा, लिहा: शौनक की पैप्पलाद. दोन्हींतला क्रम वेगळा असल्यामुळे नुसता आकडा पुढच्या वाचणाऱ्याला फसवतो.

पुढची ठिकाणं शौनक शाखेतली आहेत. ५.३१ मध्ये कृत्या कशाकशात करतात त्याची यादी आहे: कच्च्या मडक्यात, मिसळलेल्या धान्यात, कच्च्या मांसात, पुढे विहिरीत टाकलेली, स्मशानात पुरलेली. १०.१ मध्ये तीच कृत्या डोकं, नाक, कान असलेली, लग्नातल्या नवरीसारखी सजवलेली बाहुली आहे. बाहुली, मडकं, विहीर, स्मशान. आजही करणी ‘काढून’ दाखवणारे हीच ठिकाणं सांगतात.

पण ५.३१ मध्ये पुन्हा पुन्हा येणारं पालुपद वाचा: ‘पुनः प्रति हरामि ताम्’, ती मी परत पाठवतो. ही करणी करण्याची पोथी नाही, ती परतवण्याची आहे. मेसोपोटेमियातली ‘मक्लू’ नावाची मालिकाही तशीच. आठ पाट्यांवर मंत्र, नवव्या पाटीवर विधी, आणि सगळा खटाटोप कुणीतरी आपल्यावर केलेलं चेटूक जाळून टाकण्यासाठी. नावाचा अर्थच ‘जाळणं’. पोथ्यांवर काम करताना हे सतत ध्यानात ठेवावं लागतं: करणी केल्याचा पुरावा फार थोडा असतो, आपल्यावर झाल्याची समजूत मात्र पानोपानी असते.

आणि आरोपही. ऋग्वेद ७.१०४.१५ मध्ये, परंपरेने वसिष्ठांच्या तोंडी, शपथ आहे: मी यातुधान (चेटक्या) असेन, कुणाचं आयुष्य होरपळवलं असेन, तर आजच मरेन, आणि जो मला खोटंच यातुधान म्हणतो तो आपल्या दहा वीर पुत्रांना मुको. चेटक्या म्हणून बोट दाखवलं गेलेल्या माणसाचं हे बोलणं आहे, आणि ते आपल्या सगळ्यात जुन्या ग्रंथात आहे. चीनमध्ये इ.स.पू. ९१ साली सम्राट वू याच्या दरबारात पुरलेल्या लाकडी बाहुल्यांवरून असाच आरोप झाला, त्यात युवराजासकट असंख्य माणसं मेली. मनुस्मृतीने (९.२९०) अभिचार (जारणमारण) आणि कृत्येला दोनशे ‘पण’ (त्या काळचं नाणं) दंड ठेवला. दंड ठेवला म्हणजे तक्रारी येत होत्या. पेशवे दप्तरात बसणार असाल तर याच बाजूने शोधा: मोडी शिका आणि ‘चेटूक’, ‘भुताळी’ हे शब्द तक्रारीच्या, दंडाच्या आणि वतनाच्या भांडणाच्या कागदांत पाहा. बांध कुणाचा, विहीर कुणाची, वारस कोण, हे त्या कागदाच्या आजूबाजूला बहुधा सापडतं.

दगडावरचा शाप

हे काम सगळ्यात भरवशाचं, कारण दगडाला ठिकाण असतं आणि पुष्कळदा तारीखही. गधेगाळ म्हणजे दानाच्या जमिनीवर रोवलेला शापाचा दगड. वर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर दान चालावं, मध्ये लेख, खाली स्त्री आणि गाढव यांचं शिल्प. दान मोडणाऱ्याच्या आईला घातलेली ही शिवी आहे. शिलाहारांच्या मुंबईत, परळच्या इ.स. ११८७ च्या संस्कृत लेखात, शाप तेवढा मराठीत येतो: जो हे शासन लोपेल त्याच्यावर सहकुटुंब वैद्यनाथाचा कोप होवो, आणि मग ती शिवी. का मराठीत? दान ब्राह्मणाला समजलं की पुरे, शाप मात्र शेजारच्या शेतकऱ्याला समजायला हवा. ताम्रपटांतला जुना शापही आहेच, ‘स्वदत्तां परदत्तां वा यो हरेत वसुन्धराम्’, आपण किंवा दुसऱ्याने दिलेली जमीन हिरावणारा साठ हजार वर्षं विष्ठेतला किडा होतो. पण तो पेटीत बंद असायचा. गधेगाळ बांधावर उभा असतो.

दगड मिळाला की आधी गावच्या सरपंचांना किंवा देवळाच्या गुरवांना विचारा. अनेक ठिकाणी त्याला शेंदूर लागून तो देवी झालेला असतो; कुठे अशुभ म्हणून पालथा घातलेला असतो. शेंदूर खरवडू नका. संरक्षित स्मारकाच्या आवारात असेल तर पुरातत्त्व खात्याच्या लेखी परवानगीशिवाय फोटोपलीकडे काहीही करायचं नाही.

साफसफाई साधं पाणी आणि नायलॉनचा मऊ ब्रश, एवढीच. तारेचा ब्रश, आम्ल, साबण, खडू यांना बंदी. खडूने अक्षरं भरली की तुम्हाला जे वाटतं तेच अक्षर पुढच्याला दिसतं, आणि चुकीचं वाचन कायमचं होतं. फोटो अंधार पडल्यावर घ्या. कॅमेरा तिकाटीवर समोर, विजेरी दगडाच्या पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून, १५ ते २० अंशांच्या तिरक्या उजेडात. तो उजेड आठ दिशांनी फिरवून आठ फोटो. कॅमेरा तसूभरही हलता कामा नये. शेजारी १० सेंटिमीटरची पट्टी. उभी रेघ आडव्या उजेडात दिसते, आडवी रेघ वरून येणाऱ्या उजेडात. एकाच फोटोवरून वाचणाऱ्याला काना आणि चीर यांतला फरक कळत नाही.

ठसा घ्यायची परवानगी असेल आणि दगड पापुद्रे सोडत नसेल, तरच ठसा. पाणी पिणारा, सरस न लावलेला हातकागद घ्या, लेखाच्या चारही बाजूंनी ५ सेंटिमीटर जास्त. दगड ओला करा, कागद भिजवून मधूनच कडेकडे बसवा, हवेचे फुगे बाहेर काढा. मग दाट केसांच्या ब्रशने सरळ, काटकोनात ठोका. तिरकं ठोकलं की कागद अक्षराच्या काठावर फाटतो. आता थांबा. हाताची मागची बाजू लावल्यावर गार लागेल पण ओलं लागणार नाही, इतका कागद सर्द झाला की काजळी-डिंकाची शाई, कापूस भरलेल्या कापडी गोळ्याने, हलक्या हाताने टिपत जा. शाई आधी दुसऱ्या कागदावर निपटून घ्या. लवकर लावली तर पसरते, फाटलेल्या जागी लावली तर दगडावर डाग पडतो आणि तो निघत नाही. उशीर केला तर कागद खाचांतून सुटून वर येतो. वारा असेल त्या दिवशी हे कामच काढू नका.

तारीख वाचताना शकात ७८ मिळवा. पौष उत्तरार्ध, माघ, फाल्गुन असेल तर ७९. परळच्या लेखातला शक ११०८ चा माघ म्हणून ११८७ मध्ये येतो. संवत्सराचं, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातल्या वर्षाचं, नाव असेल तर पडताळा सोपा आहे: शकात १२ मिळवून ६० ने भागा, बाकी म्हणजे प्रभवापासूनचा क्रमांक. ११०८ अधिक १२ म्हणजे ११२०, बाकी ४०, चाळिसावा पराभव. नाव आणि आकडा एका वर्षाने चुकत असतील तर लेखकाने सरलेल्या वर्षाऐवजी चालू वर्ष मोजलंय का ते बघा. जास्त चुकत असतील तर तुमचं अंकवाचन तपासा. अलिबागजवळच्या अक्षीच्या लेखाचं उदाहरण समोर ठेवा: शं. गो. तुळपुळ्यांनी तो शक ९३४, म्हणजे इ.स. १०१२ चा वाचला, आणि दुसरं वाचन त्याला तब्बल दोनशे वर्षं पुढे नेतं. मराठीचा सर्वांत जुना लेख कुठला, हा वाद त्या अंकांवर टांगलेला आहे.

दुवे सापडले तरच साखळी म्हणा

बॅबिलोनियात कुदुर्रू नावाचे दगड होते, इ.स.पू. चौदाव्या शतकापासून. जमिनीचं दान, वर चंद्र-सूर्याची चिन्हं, खाली दान मोडणाऱ्याला शाप. गधेगाळ पाहिलेल्या माणसाला ते ओळखीचे वाटतात. पण कुदुर्रू इ.स.पू. सातव्या शतकापर्यंत संपले आणि गधेगाळ येतो तो दीड हजार वर्षांनी, समुद्रापलीकडे. मधला एकही दुवा नाही. म्हणून लिहायचं एवढंच: जिथे शिपाई रोज पोचत नाही तिथे जमिनीची राखण शापाकडे जाते, आणि ते दोन ठिकाणी स्वतंत्रपणे घडू शकतं. इंडोनेशियात बांका बेटावरचा कोटा कापूरचा लेख शक ६०८ चा, म्हणजे इ.स. ६८६ चा. शक आपला, लिपी दक्षिण भारतातली, हा दुवा पक्का. शाप मात्र जुन्या मलय भाषेत, फितुरी आणि विषप्रयोग करणाऱ्यांना. तिथे कालगणना आणि लिपी गेली असं म्हणता येतं. शाप इथून गेला असं म्हणता येत नाही.

आता उलट उदाहरण, आपल्या पायाखालचं. १६३० च्या सुमारास आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने पुणं जाळून त्यावर गाढवाचा नांगर फिरवला, ही हकिकत शकावल्या-बखरींतून येते. जमीन शापित, पुन्हा वसू नये. ही रीत त्याच्या डोक्यातून निघालेली नव्हती. कलिंगच्या खारवेलाच्या हाथीगुंफा लेखात, इ.स.पू. पहिल्या शतकाच्या आसपास, पिथुंड नगरावर ‘गदभ-नंगल’ फिरवल्याचं वाचलं जातं. तमिळ पुरनानूरूच्या १५ व्या पदात पांड्य राजा शत्रूची भूमी गाढवं जुंपून नांगरतो. ओडिशा, तमिळ देश, पुणे; भाषा तीन, कृती एकच आणि हेतूही एकच. इथे परंपरा हा शब्द वापरायला आधार आहे, आणि गधेगाळावरचं गाढव या कुळातलं असावं हे समासात, पेन्सिलने, लिहिण्याजोगं आहे. सोन्याचा नांगर फिरवून जिजाबाईंनी तो शाप उतरवला ही आठवण पुण्यात सगळे सांगतात. तिच्या नोंदीत ती कुठल्या कागदात पहिल्यांदा दिसते ते वेगळं शोधा.

काय छापायचं नाही

ज्या बाईला गाव चेटकीण म्हणतं तिचं नाव, घर, आडनाव, फोटो वहीतही लिहू नका. खुणेचा क्रमांक द्या आणि त्याची किल्ली वेगळी ठेवा. वही हरवते. ‘अमक्या गावी करणी करणारं घर आहे’ हे वाक्य अभ्यासाच्या टिपणातून बाहेर पडलं की आरोप होतं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची पुण्यात २० ऑगस्ट २०१३ ला हत्या झाली, त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी कायदा झाला. एखादी व्यक्ती करणी करते, तिच्यामुळे गुरांचं दूध आटतं, रोगराई येते असं भासवून तिला छळणं हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षं, दंड ५ हजार ते ५० हजार रुपये. घरी मीठ-मोहऱ्या ओवाळणारी आजी यात येत नाही, हे मुलाखतीआधी तिला सांगा, ती मोकळेपणाने बोलेल.

आणि मुलाखत चालू असताना कळलं की गावात आत्ता, या आठवड्यात, कुणावर असा आरोप होतोय, बैठक बसणार आहे, देवऋषी ‘नाव काढणार’ आहे, तर वही मिटा. गावात वाद घालत बसू नका. रस्त्याला लागून जवळचं पोलीस ठाणं गाठा, या कायद्याखालचे दक्षता अधिकारी कोण ते विचारा आणि तारीख, वेळ, जागा लेखी द्या.